रोलवर पुन्हा पुन्हा येणारी रेघ: कुठून येते आणि कशी थांबवायची

पोळ्यापासून होळीपर्यंत मी घरी कॅमेऱ्याच्या फिल्मचे सतरा रोल धुतले आणि त्यातल्या अकरा रोलांवर एकाच जागी रेघ निघाली. वरच्या छिद्रांपासून साधारण पाच मिलिमीटर आत, पट्टी लावून आखल्यासारखी सरळ, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत. तोरणाखाली उभ्या बैलजोडीच्या शिंगांतून ती गेली. कापूस वेचणाऱ्या बायांच्या डोक्यांवरून गेली. आणि माझ्या आजीचा जो एकच धड फोटो मला मिळाला होता, त्यात तिच्या कपाळावरच्या कुंकवातून आरपार गेली. आजी आता नाही. तो फोटो पुन्हा काढता येणार नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यात. मी बहुतेक कृष्णधवल ३५ मिमी वापरतो, कधीमधी १२० ही रुंद फिल्म. शंभर फुटी मोठा रोल आणायचा आणि लोडरमधून, म्हणजे मोठ्या रोलची फिल्म डबीत गुंडाळून देणाऱ्या यंत्रातून, डब्या भरायच्या, हा माझा रिवाज; एका मोठ्या रोलमधून ३६ फोटोंच्या अठराएक डब्या निघतात आणि खर्च बराच कमी होतो. म्हणजे डबी भरण्यापासून निगेटिव्ह पाकिटात जाईपर्यंत फिल्मला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. रेघ पडते ती माझ्याच घरात कुठेतरी, एवढं पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं.

पहिली रेघ दिसल्यावर मी कॅमेऱ्याची मागची प्रेशर प्लेट, म्हणजे फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी, पुसली. पुढच्या महिन्यात धुण्याच्या टँकचं स्पायरल (ज्याच्या खाचेत फिल्म गुंडाळतात ते) बदललं, त्याच वेळी फिक्सर, म्हणजे प्रतिमा पक्की करणारं रसायन, तेही नवं केलं. दर वेळी दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्यामुळे रेघ गेली तरी कशाने गेली ते कळत नव्हतं, आणि दोन-चार रोलांनी ती परत यायची. तुमच्याकडेही असंच चाललं असेल तर काहीही बदलण्याआधी थांबा. हातात जी खराब निगेटिव्ह आहे तिच्यावरच बहुतेक उत्तर असतं.

आधी रेघ वाचा

फिल्मला दोन अंगं असतात. एक प्लास्टिकचं, चकचकीत. दुसरं जिलेटिनचं, थोडं मंद, ज्यात चांदीची प्रतिमा असते. फिल्म वाळल्यावर बहुधा याच अंगाला आत वळते. काठावरचे आकडे सरळ वाचता येत असतील तर चकचकीत बाजू तुमच्याकडे आहे. निगेटिव्ह एका दिव्याखाली तिरपी धरा, दिव्याचा उजेड पृष्ठभागावर घसरता आला पाहिजे, आणि हळूहळू कलती करत जा. रेघ ज्या अंगाला असेल त्या अंगाला ती चमकून उठते.

आता प्रिंटमध्ये किंवा स्कॅनमध्ये रेघेचा रंग बघा. जिलेटिन खरवडलं गेलं असेल तर तिथली चांदी गेली, निगेटिव्हवर ती जागा पारदर्शक झाली, म्हणून फोटोत काळी रेघ येते. चकचकीत अंगाला चरा असेल तर तो प्रकाश आडवातिडवा फेकतो, कागदापर्यंत कमी प्रकाश पोचतो, आणि फोटोत पांढरी रेघ येते. इथे एक फसगत होते. धुण्याआधी जिलेटिनवर नुसता दाब पडला, खरवडलं गेलं नाही, तरी तिथे डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात, काळेपणा येऊ शकतो. म्हणजे निगेटिव्हवर काळी रेघ, फोटोत पांढरी, आणि तिरप्या उजेडात बघितलं तर दोन्ही अंगं गुळगुळीत. असं दिसलं तर दोष रसायनांच्या आधीचा, फिल्म कोरडी असतानाचा आहे हे पक्कं समजा.

मग आकार. रोलच्या लांबीला समांतर, काठापासून कायम तेवढ्याच अंतरावर चालणारी रेघ म्हणजे एखादा कण एका जागी स्थिर बसलेला होता आणि फिल्म त्याच्यावरून ओढली गेली. असा कण बसायला जागा मोजक्याच: लोडर, डबीचं तोंड, कॅमेऱ्याचा गेट (भिंगामागची चौकट) आणि प्लेट. लांबच पण नागमोडी जाणारी, मध्येच तुटणारी रेघ हाताची असते, ओली फिल्म बोटांच्या चिमटीतून निथळवल्याची. आखूड, वाकड्या, कुठेही पडलेल्या रेघा वाळल्यानंतरच्या. लांबीच्याच दिशेने पण आखूड, बारीक, झुबक्याने आलेल्या रेघा दिसल्या तर गुंडाळी करून तिचं टोक ओढून घट्ट केलं असणार. थर एकमेकांवर घासतात. नखाच्या चंद्रासारखी खूण ही रेघच नाही, स्पायरलवर चढवताना फिल्म मुरडली गेली. आणि फांद्या फुटलेली, विजेसारखी खूण दिसली तर ती स्थिर विजेची. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत रोल भराभर उलटा गुंडाळला की ती येते. रिवाइंडचा दांडा सावकाश फिरवायचा, त्यावर बाकी उपाय नाही.

माझी रेघ जिलेटिनच्या अंगाला होती, फोटोत काळी यायची, आणि सरळ होती. इतकं मला दुसऱ्या-तिसऱ्या रोललाच दिसलं होतं. जे दिसलं नाही ते असं: ती रेघ शेवटच्या फोटोपाशी थांबत नव्हती. डबीतल्या दांडीला जिथे फिल्म चिकटवलेली असते तिथपर्यंत, अगदी शेवटच्या दोन-तीन बोटांपर्यंत ती गेलेली होती. फिल्मचा हा शेवटचा तुकडा कॅमेऱ्यात कधी गेटसमोर येतच नाही, डबीच्या तोंडाशीच राहतो. तरीही त्यावर रेघ आहे, म्हणजे कॅमेऱ्याला मी उगाच बोल लावत होतो. कापून फेकून द्यायच्या तुकड्याकडे कोण बघतो? आता मी आधी तोच बघतो.

रसायनाशिवाय करायची तपासणी

उजेड लागून वाया गेलेला फिल्मचा तुकडा सांभाळून ठेवा; माझ्याकडे एका मोठ्या रोलचा दोनेक मीटर तुकडा होता. हे सगळं दिवसाढवळ्या, टेबलावर करता येतं, एक थेंबही रसायन लागत नाही, कारण न धुतलेल्या फिल्मच्या फिकट जिलेटिनवर ताजा चरा तिरप्या उजेडात स्वच्छ दिसतो.

पहिला तुकडा सरळ मोठ्या रोलवरून कापा आणि बघा. दुसरा लोडरमधून डबीत भरा, पण बाहेर ओढू नका. डबीचं झाकण काढून आतली दांडी सरळ उचला. तिसरा तसाच भरा आणि या वेळी डबीच्या तोंडातून ओढून काढा. चौथा कॅमेऱ्यात घालून शेवटपर्यंत पुढे न्या आणि रिवाइंड न करता मागचं दार उघडून कापा. पाचवा पूर्ण वाटेने, रिवाइंडसकट. प्रत्येक तुकड्यावर मार्कर पेनने आकडा टाका, नाहीतर पाच मिनिटांत सगळे सारखेच दिसू लागतात. ज्या तुकड्यावर पहिल्यांदा रेघ दिसेल, त्याच्या आणि त्याच्या आधीच्या तुकड्याच्या मध्ये तुमचा गुन्हेगार आहे.

माझा पहिला आणि दुसरा तुकडा स्वच्छ. तिसऱ्यावर रेघ, छिद्रांपासून पाच मिलिमीटर आत.

गावातल्या घड्याळजीकडे डोळ्याला लावायचं भिंग असतं, ते मी तासाभरासाठी मागून आणलं होतं. डबी उभी धरून तिच्या तोंडाची काळी मखमल त्या भिंगातून बघितली. मखमलीची लव एका ठिकाणी दाबून चपटी झालेली. त्या चपट्या जागेत कापसाचा एक तंतू आडवा विणल्यासारखा अडकलेला, आणि तंतूच्या पिळात मातीचा एक कण. मोहरीच्या दाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही नसेल. चिमट्याने तंतू ओढला तर कण मखमलीतच राहिला. पिनेच्या टोकाने उकरून काढावा लागला. बाकीच्या डब्या बघितल्या. बारापैकी सात डब्यांच्या तोंडात कापूस होता.

कुठून आला ते सांगायला नको. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवतात. दिवाळीनंतर मधली खोली आढ्यापर्यंत भरलेली असते, आणि माझ्या रिकाम्या डब्या त्याच खोलीच्या फळीवर बिस्किटांच्या उघड्या डब्यात पडलेल्या. वेचून आणलेल्या कापसाबरोबर शेताची माती येते, वाळलेल्या पानाचा चुरा येतो, आणि खोलीत माणूस नुसता चालला तरी तंतू उडतात. तंतू मऊ असतो, तो एकटा चरा पाडत नाही. पण मखमलीत अडकला की तो कण धरून ठेवतो, आणि मग प्रत्येक नव्या रोलला तोच कण त्याच जागी कापतो. सहा रोल स्वच्छ का निघाले याचंही उत्तर त्यातच होतं: ते ज्या डब्यांत भरले होते त्यांची तोंडं स्वच्छ होती. डब्यांवर आकडे टाकून वहीत नोंद ठेवली असती तर दिवाळीतच लक्षात आलं असतं की ठरावीक डब्यांतलेच रोल खराब होतात.

आता काय करतो ते सांगतो. प्रत्येक डबीवर क्रमांक आहे आणि वहीत क्रमांकासमोर रोल. भरण्याआधी तोंडाला ब्लोअरने दोन-चार फुंका, मग चिकटपट्टीचा तुकडा मखमलीवर हलका दाबून उचलायचा, पट्टीवर काही येईनासं होईपर्यंत. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे शिंतोडे जातात. पाच-सहा वेळा वापरलेली डबी मी टाकून देतो, मखमल झिजली की ती कण धरते आणि उजेडही आत सोडते. डब्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि तो डबा कापसाच्या खोलीबाहेर. लोडरच्या तोंडालाही मखमल असेल तर तीच तपासणी तिचीही करा. काही लोडरमध्ये फिल्म जाताना तोंड पूर्ण उघडतं, ते जास्त सुरक्षित.

आणि सगळ्यात मोठा बदल: धुण्यासाठी रोल काढताना मी फिल्म तोंडातून ओढत नाही. स्क्रूच्या झाकणाची डबी असेल तर चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे हात घालता येणाऱ्या उजेडबंद पिशवीत, झाकण फिरवून दांडी बाहेर काढतो. कारखान्यातून बंद होऊन आलेली डबी असेल तर तिचं बूड बाटलीच्या ओपनरने उचकटतो. रिवाइंड करताना फिल्म एकदा मखमलीतून जातेच, तिला आणखी एक फेरी कशाला? टोक बाहेर काढायची जी पातळ पट्टी मिळते तीही मी सोडून दिली, तीही आत जाऊन घासते.

कॅमेरा

कॅमेरा निर्दोष निघाला तरी हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तो बघायचाच. आपल्या पांदणीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि मागचं दार उघडताच आत जाते. ब्लोअर, मऊ कोरडा ब्रश, मग प्रेशर प्लेटवरून बोटाचं पेर फिरवा. डोळ्याला न दिसणारी खरखर बोटाला लागते. फिल्म ज्या दोन पट्ट्यांवरून सरकते त्यांवर गंजाचा ठिपका किंवा जुन्या फिल्मचा चिकटलेला तुकडा असेल तर तो काढा. प्लेटवर सॅंडपेपर, टूथपेस्ट असलं काही घासू नका. एकदा ओरबाडलेली प्लेट कायमची ओरबाडली.

शेतात रोल बदलायचा असेल तर वाऱ्याकडे पाठ करून, शक्यतो कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून. जत्रेत, यात्रेत धुळीत उभं राहून बदलण्यापेक्षा दोन फोटो सोडलेले बरे.

पाणी, ऊन आणि बोटांची चिमट

सरळ रेघ गेली तरी उन्हाळ्यात माझ्या निगेटिव्हवर नागमोडी रेघा येतच राहिल्या. त्या वेगळ्या दुखण्याच्या होत्या, आणि ते दुखणं आपल्या भागाचं आहे.

जिलेटिन पाण्यात फुगतं. डेव्हलपर क्षारधर्मी असतो, त्यात आणखी फुगतं. पाणी कोमट असेल तर आणखी. डेव्हलपरसाठी पुस्तकात दिलेला २० अंशांचा आकडा थंड देशांत सहज मिळतो. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. आजच्या बहुतेक फिल्म कारखान्यातच कडक केलेल्या असतात, रंगीत फिल्म तर मुळात ३७.८ अंशांतच धुतात, त्यामुळे नुसत्या उष्णतेने फिल्म वितळत नाही. पण फुगलेल्या जिलेटिनला काही घासलं तर कोरड्या फिल्मवर जिथे खूणही उमटली नसती तिथे थेट चर पडतो. काही जुन्या धाटणीच्या फिल्म ओल्या असताना फारच नाजूक असतात.

माझे मामा तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवायचे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ वापरायच्या काळातले. मी लहानपणी त्यांच्या डार्करूममध्ये टांगलेल्या ओल्या रोलवरचा थेंब पुसायला बोट पुढे केलं, तेव्हा त्यांनी मनगट धरलं. “ओल्या फिलमले बोट लावाचं न दुधावरच्या सायीले बोट लावाचं सारखंच हाय, बाप्पा,” म्हणाले. “काहून घाई करतं? वाळू दे तिले.” एवढं ऐकलेलं असूनही मोठेपणी मी दोन बोटांच्या चिमटीतून रोल निथळवायला लागलो होतो, कारण नाहीतर पांढरे डाग पडायचे.

ते डाग का पडत होते? पाण्यामुळे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा थेंब काचेवर वाळवून बघा, पांढरं कडं राहतं. तेच फिल्मवर राहतं. म्हणून मी चिमटीने पाणी काढत होतो, आणि वरच्या टोकाला वाळू लागलेल्या थेंबातले क्षाराचे खडे बोटांखालून खालपर्यंत घासत नेत होतो. डाग टाळायला रेघ ओढत होतो. रबरी पट्ट्यांचा चिमटा आणला तर त्याच्या रबरात कण बसला आणि रेघा चिमटीपेक्षा सरळ येऊ लागल्या, एवढाच फरक.

उपाय पाण्यात आहे, पुसण्यात नाही. डेव्हलपर, फिक्सर आणि मधली धुणी गावच्या पिण्याच्या पाण्यात चालतात. शेवटचं एकच पाणी डिस्टिल्ड घ्यायचं. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. तो नसेल तर आरओच्या कॅनचं पाणीही खाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं. त्यात वेटिंग एजंट, म्हणजे पाण्याचे थेंब न साचता सरकून जावेत म्हणून घालायचं द्रव: फोटो-फ्लो २०० असेल तर १ भागाला २०० भाग पाणी, म्हणजे ३०० मिलीच्या टँकला दीड मिली. सुईशिवायच्या सिरिंजने मोजा. अंदाजाने जास्त ओतलं तर चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. अर्धा मिनिट बुडवून, स्पायरलमधून काढून, तिरपी टांगायची. पाणी एका काठाला जमून खाली गळतं. मग बोट नाही, पट्टी नाही, फडकं नाही. ज्या दिवशी हे सुरू केलं त्या दिवसापासून नागमोडी रेघ एकदाही आलेली नाही.

थंड पाण्यासाठी माठ. कोरड्या उन्हाळ्यात माझ्या माठातलं पाणी २५ अंशांच्या आसपास येतं, थोडा बर्फ पिशवीत बांधून बाहेरून लावला की २४. डेव्हलपर २४ अंशांवर वापरायचा तर २० अंशांच्या वेळेतून साधारण ३०% वेळ कमी करावी लागते. १० मिनिटांची ७ होतात. महत्त्वाचं असं की डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचं पाणी सगळं एकाच तापमानाच्या जवळ ठेवा, दोन-तीन अंशांच्या आत. २४ च्या फिक्सरमधून काढून ४० च्या नळाखाली धरलेल्या फिल्मचं जिलेटिन एकदम फुगतं, आणि फार फरक पडला तर त्याला भेगाळल्यासारखी जाळी सुटते. धुण्याचं पाणी रात्रीच बादलीत भरून, झाकून ठेवायचं. झाकून यासाठी की माठाखालच्या वाळूचे कण ओल्या हाताला लागून बादलीत जातात. हे मी बघितलं आहे, बादलीचा तळ बॅटरीच्या उजेडात पाहा.

एप्रिल ते जून मी तुरटीचा फिक्सर वापरतो. कोडॅकचं जुनं एफ-५: एक लिटरला हायपो (सोडियम थायोसल्फेट) २४० ग्रॅम, सोडियम सल्फाइट १५ ग्रॅम, २८% ॲसिटिक ॲसिड ४८ मिली, बोरिक ॲसिड ७.५ ग्रॅम, पोटॅशियमची तुरटी १५ ग्रॅम. याच क्रमाने, आधीचं पूर्ण विरघळल्यावरच पुढचं. क्रम चुकला तर दुधासारखा गाळ बसतो आणि तो गाळच पुढे फिल्मवर घासतो. तुरटी रसायनांच्या दुकानातली, शुद्ध घ्या. दाढीच्या तुरटीचा खडा नको. तीव्र ॲसिटिक ॲसिड पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचं, उलट नाही, आणि खिडकी उघडी ठेवायची. तुरटी जिलेटिन आवळते, मग ओली फिल्म बरीच सोसते. पण आवळलेल्या जिलेटिनमधून हायपो सुटायला वेळ लागतो, वीस-तीस मिनिटं धुवावं लागतं, आणि आमच्या गावात मे महिन्यात तेवढं पाणी सांडणं मनाला पटत नाही. म्हणून बाकीचे नऊ महिने साधा रॅपिड फिक्सर. त्याला टँक भरून पाच वेळा उलटसुलट, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा, एवढ्या तीन पाण्यांत धुणं होतं. उन्हाळ्यातही जे हळुवारपणे निथळू देतात, मध्येच हात लावत नाहीत, त्यांना तुरटीची गरज पडेलच असं नाही. माझ्या मते हात आवरणं हाच मोठा भाग आहे.

पावडरचा डेव्हलपर नीट विरघळला नसेल तर त्याचे खडेही टँकमध्ये फिरतात. आदल्या दिवशी करून ठेवा आणि फिल्टर पेपरमधून गाळा. नरसाळ्यात कापसाचा बोळा घालायची जुनी पद्धत आहे. घालायचाच तर औषधाच्या दुकानातला.

स्पायरलवर चढवताना

प्लास्टिकचं स्पायरल पूर्ण कोरडं हवं. पावसाळ्यात ते कोरडं वाटतं, पण खाचेत ओल असते. फिल्म अर्ध्यात अडकते, आपण जोर लावतो आणि चंद्राची खूण पडते. वापरण्याआधी तासभर दिव्याजवळ ठेवा. चेंजिंग बॅगमध्ये पंधरा मिनिटांत हाताला घाम येतो. फिल्म अडकली तर ओढू नका. टँकचं झाकण लावून हात बाहेर काढा, पुसा, पाणी प्या, मग परत. बॅग दर वेळी उलटी करून झटकायची. अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवायच्या, नखं कापलेली. फिल्म फक्त काठांना धरायची.

वाळवणं, कापणं, ठेवणं

उन्हाळ्यात रोल तासाभरात वाळतो, पण तो तास धोक्याचा. कूलर चालू असलेल्या खोलीत टांगू नका, कूलर बाहेरची धूळ आत फेकतो. मी न्हाणीघरात टांगतो: आधी भिंतींवर आणि फरशीवर पाणी मारून धूळ बसवायची, दहा मिनिटं थांबायचं, मग रोल टांगून दार लावून घ्यायचं. खाली कपड्याचे दोन चिमटे वजनाला. कापसाच्या दिवसांत अंगातलं कापसाचं काम केलेलं बनियन बदलूनच आत जातो.

वाळलेल्या रोलची गुंडाळी करू नका. लगेच सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापा. पाकिटात पट्टी सरकवताना पाकिटाचा काठ किंचित उघडून धरा म्हणजे ती घासत जाणार नाही. एका खणात एकच पट्टी. मामांकडे दोन-दोन पट्ट्या एकाच बटर पेपरच्या पाकिटात होत्या, मूर्तिजापूरच्या शकुंतला या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाच्या निगेटिव्हही त्यातच. शकुंतला १९९४ नंतर डिझेलवर गेली, ते इंजिन आता तिथे परत उभं राहणार नाही, आणि त्या पट्ट्यांवर एकमेकींच्या काठांचे चरे आहेत. पीव्हीसीची चकचकीत पाकिटंही टाळा, आपल्या उष्म्यात ती फिल्मला चिकटतात.

धूळ दिसली तर ब्लोअर, मग मऊ ब्रश. शर्टाचं टोक, दुपट्टा, ओढणी कधीच नाही. तेलकट डाग असेल तर ९९% आयसोप्रोपिल अल्कोहोल, लव न सोडणाऱ्या कागदावर घेऊन, एकदाच, एका दिशेने.

जी रेघ पडून गेली तिचं काय

चकचकीत अंगाची रेघ बरीच लपवता येते. नाकाच्या पाळीजवळचं तेल बोटाच्या पेरावर घ्यायचं आणि त्या चऱ्यावर हलकेच चोळायचं. चर भरतो, प्रकाश फाकत नाही, पांढरी रेघ पुसट होते. जुने प्रिंट करणारे हेच करायचे. काम झाल्यावर अल्कोहोलने ते पुसून टाका. हे फक्त प्लास्टिकच्या अंगाला, जिलेटिनला नाही. एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवायचं यंत्र) पसरट प्रकाशाचा असेल तर कंडेन्सरच्या, म्हणजे भिंगाने प्रकाश एकवटणाऱ्या, एन्लार्जरपेक्षा चरे कमी दिसतात. स्कॅनरची इन्फ्रारेडवाली स्वच्छता कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, चांदी ती किरणं अडवते आणि यंत्र प्रतिमेलाच धूळ समजतं.

जिलेटिनवरचं अगदी हलकं खरचटलेलं असेल तर निगेटिव्ह पुन्हा दहा मिनिटं डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, वेटिंग एजंटमधून काढून वाळवली की जिलेटिन फुगून बसताना कधीकधी भरून येतं. चांदी गेलेली असेल तर ती परत येत नाही. १२० च्या निगेटिव्हवर मामा ती पारदर्शक रेघ टोकदार शिसपेन्सिलीने भरायचे, भिंगाखाली, ठिपक्या-ठिपक्याने, म्हणजे फोटोत काळी रेघ उतरायची नाही. ३५ मिमीवर एवढ्या लहान जागेत तो हात माझा नाही. आजीच्या फोटोची मी मोठी स्कॅन करून घेतली आहे आणि तिच्यात कुंकवावरची रेघ भरून झाली आहे. केसांतली अजून व्हायची आहे.